ऑनलाइन कोर्स सगळ्यांना घेता यावा म्हणून काम करायचंय, पण हात कुठून घालू?

आकडेमोड

नमस्कार मंडळी. प्राथमिक सांख्यिकीचा एक ऑनलाइन कोर्स मी चालवते. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. छोटे व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, दर आठवड्याला एक प्रश्नमंजुषा, असं नेहमीचंच स्वरूप. यावेळी स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी एक विद्यार्थिनी आली. तिचं म्हणणं असं की व्हिडिओ बरेचसे समजतात, नोट्स वाचताच येत नाहीत आणि दुसऱ्या आठवड्याची प्रश्नमंजुषा अर्ध्यावर सोडावी लागली.

पुढची तुकडी सुरू व्हायच्या आत हे नीट करायचं आहे. वेबपानं अपंगांनाही वापरता यावीत म्हणून केलेले डब्ल्यूसीएजी नावाचे निकष वाचायला घेतले आणि दडपून गेले. एकटीच्या हाताने सगळं एका दमात होणार नाही. ज्यांनी असे कोर्स केलेत, बनवलेत किंवा अर्ध्यावर सोडलेत, त्यांनी सांगा की आधी काय करू? ("मनात इच्छा हवी" छापाचे प्रतिसाद नकोत. इच्छा आहे, म्हणूनच धागा काढलाय.)

यंत्रणा

मी मूडल सांभाळण्याचं काम करतो. आधी धीर देतो: त्या दस्तऐवजातलं निम्मं काम तुमचं नाहीच.

निकष वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमचे आहेत. २.० ही आवृत्ती २००८ची, २.१ २०१८ची आणि २.२ ऑक्टोबर २०२३ची. ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या. बहुतेक ठिकाणी डबल एची अपेक्षा असते, ट्रिपल एच्या मागे लागू नका. आता लॉगिन, मेनू, व्हिडिओची बटणं, फॉर्मची रचना या गोष्टी प्लॅटफॉर्म बनवणाऱ्यांच्या. तुमच्याकडे उरतं ते तुम्ही आत टाकलेलं: मजकूर, हेडिंगं, चित्रं, लिंकांची नावं, रंग, कॅप्शन आणि प्रश्नांचे प्रकार. निकष वाचताना "हे माझ्या हातात आहे का" एवढं विचारत गेलात की यादी बरीच आटोपशीर होते.

कानाने_वाचणारा

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए वापरतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन मित्रांनी त्याची सुरुवात केली.) थोडं लांबण लावतो, कारण मी पान कसं वाचतो हे कळलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टी सांगाव्या लागणार नाहीत.

तुम्ही पानावर नजर टाकता. मी कळफलकावरचं एच दाबत एका हेडिंगवरून दुसऱ्यावर उडी मारतो आणि पानाचा अंदाज घेतो. तुम्ही शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं केलं असेल तर मला ते साध्या ओळीसारखंच ऐकू येतं, उडी मारायला जागा मिळत नाही. मग आख्खं पान वरून खाली ऐकत बसायचं. वर्डमध्ये असो की मूडलच्या संपादकात, हेडिंगची शैली लावायला काही सेकंद लागतात. लिंकांचंही तसंच. मी पानावरच्या फक्त लिंकांची यादी काढू शकतो. त्या यादीत "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा" असं आलं तर कुठली लिंक कशाची?

नोट्सबद्दल माझा अंदाज: एकतर पानं स्कॅन केलेली आहेत, म्हणजे माझ्या लेखी कोरी. किंवा मजकूर युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. तसल्या फाइलमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. स्क्रीन रीडर तीच वाचतो. ऐकून बघा कधीतरी, मंत्र पुटपुटल्यासारखं वाटतं. किंवा तिसरी शक्यता, सूत्रं चित्र म्हणून डकवली आहेत. तशी असतील तर प्रमाण विचलनाचं अख्खं सूत्र मला फक्त "ग्राफिक" असं ऐकू येतं.

सूत्रांवर उपाय आहे. ती लेटेकमध्ये (सूत्रं अक्षरांत टंकायची पद्धत) लिहा, मूडलच्या मॅथजॅक्स या सूत्र मांडणाऱ्या फिल्टरमधून ती पानावर येऊ द्या. अशा मॅथएमएल स्वरूपातलं (म्हणजे चित्र नसलेलं) सूत्र एनव्हीडीए मॅथकॅटच्या मदतीने वाचतो आणि भागाभागाने फिरूही देतो: अंश, छेद, वर्गमूळाच्या आतलं. लांब सूत्रात हे फिरणं फार मोलाचं असतं.

आणि व्हिडिओ "बरेचसे" समजतात यातला "बरेचसे" सोडून देऊ नका. "हा इथला बिंदू बघा, तो असा तिकडे सरकवला की सरासरीचं काय होतं ते दिसलं ना?" हे वाक्य शिक्षकांच्या तोंडी हमखास येतं. मला नाही दिसलं. "सगळ्यात मोठा आकडा ९० होता, तो १९० केला, तर सरासरी उजवीकडे सरकते आणि मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, जागचा हलत नाही" असं बोललात की माझं काम झालं. शिवाय जो व्हिडिओ लावून दुसरं काही करतोय त्याचंही झालं. यासाठी वेगळं साधन नको, पैसे नकोत.

आकडेमोड

@कानाने_वाचणारा, जुना फॉन्ट आणि सूत्रांची चित्रं, दोन्ही अंदाज बरोबर! प्रश्नमंजुषेत आकडे ओढून चढत्या क्रमाने लावायचे आणि मग मध्यक शोधायचा असा प्रश्न आहे. बहुधा तिथेच अडलं असणार.

कळफलक

ओढून लावायचे प्रश्न म्हटलं की माझ्याही कपाळावर आठ्या. माझे हात थरथरतात, माउस जमत नाही. सगळं कळफलकावर. धरून ठेवायचं, सरकवायचं आणि नेमक्या चौकटीत सोडायचं, या तिन्हींपैकी एकही भरवशाने होत नाही.

कळफलकावरून सगळं करता यावं ही अट निकषांत पहिल्यापासून आहे. २.२मध्ये आणखी एक आली: ओढण्याच्या प्रत्येक क्रियेला साध्या टिचकीचा पर्याय हवा. शिवाय बटणं निदान २४ बाय २४ पिक्सेलची असावीत, किंवा आजूबाजूला पुरेशी मोकळी जागा असावी. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे मूडलचा जोड्या जुळवायचा साधा प्रकार. त्यात प्रत्येक पदापुढे ड्रॉपडाउन असतो. दिसायला चकचकीत नाही, पण चालतो.

एक परीक्षा आजच करून बघा. माउस काढून ठेवा आणि कोर्सचा एक पूर्ण आठवडा टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेसबार आणि बाणांवर पुरा करा. आपण आत्ता कुठल्या बटणावर आहोत हे दाखवणारी चौकट प्रत्येक ठिकाणी दिसते का, तेही बघा. पुष्कळ डिझायनर ती "घाण दिसते" म्हणून काढून टाकतात.

आडवा_प्रश्न

मी नावाला जागतो. असे विद्यार्थी किती येणार? आणि ओझं वाढलं की लोक मोफत शिकवणंच बंद करतात त्याचं काय? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं उदाहरण आहे. २०१६मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांना कळवलं की तुमचं मोफत साहित्य अपंगांना वापरण्याजोगं नाही. २०१७मध्ये विद्यापीठाने वीस हजारांहून जास्त व्हिडिओ आणि ध्वनिफिती लोकांच्या नजरेआड केल्या. यात कोणाचं भलं झालं? ज्यांना मिळत होतं त्यांचंही गेलं.

हातवारे

@आडवा_प्रश्न, मी बहिरी आहे, त्यामुळे हे प्रकरण जवळून वाचलंय. तक्रार दोन बहिऱ्या व्यक्तींची होती आणि मागणी कॅप्शनची होती. काढून टाका असं कोणी म्हटलं नव्हतं, तो मार्ग विद्यापीठाने निवडला. गोष्ट तिथे संपलीही नाही. २०२२मध्ये त्याच विद्यापीठाने न्याय खात्याशी तडजोड करून आपलं ऑनलाइन साहित्य सुगम करायचं मान्य केलं. हार्वर्ड आणि एमआयटीवर २०१५मध्ये कॅप्शनवरूनच दावे झाले होते. हार्वर्डने २०१९मध्ये आणि एमआयटीने २०२०मध्ये तडजोड केली. त्यांचे कोर्स काही बंद पडले नाहीत.

"किती येणार" याचं उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे दर सहामागे एक. तुमच्या कोर्समध्ये ते दिसत नसतील तर पहिल्या पानावरूनच परत गेले असतील. परत गेलेला माणूस तक्रारही करत नाही.

आता @आकडेमोड, कॅप्शनबद्दल. आपोआप तयार होणारी कॅप्शन कच्चा माल म्हणून ठीक, पण जशीच्या तशी सोडू नका. ती नेमकी परिभाषेवर घसरतात, आणि शिकायला आलेल्या माणसाला तेवढीच नवी असते. "मध्यक"चं "मध्ये" होतं, "प्रमाण विचलन"चं "प्रमाण विचारून" होतं. त्याहून वाईट म्हणजे एखादा "नाही" गळतो. "या दोन घटना स्वतंत्र नाहीत" मधला "नाहीत" गेला की मी उलटं शिकले, आणि मला ते कळायलाही मार्ग नाही.

दुसरं कोणी सहसा सांगत नाही. तुम्ही बोलता बोलता आलेखावर रेघा ओढता. ऐकणारा कानाने ऐकतो आणि डोळ्याने बघतो. मला दोन्ही डोळ्यांनीच करायचं असतं. कॅप्शन वाचून मान वर करेपर्यंत रेघ ओढून झालेली असते. वाक्य संपवा, क्षणभर थांबा, मग रेघ ओढा. आणि स्लाइडचा खालचा भाग मोकळा ठेवा, नाहीतर आडव्या अक्षावरची नावं कॅप्शनखाली झाकली जातात.

तिसरं: सगळे बहिरे सारखे नसतात. काहींची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, त्यांना लिखित मराठी ही दुसरी भाषा. म्हणून कॅप्शन दिली की सगळं झालं असं नाही. छोटी वाक्यं आणि उदाहरणातले आकडे पडद्यावर, याचा पुष्कळ उपयोग होतो. व्हिडिओचा पूर्ण मजकूर वेगळ्या पानावरही द्या. बहिरं आणि दृष्टिहीन असं दोन्ही असलेली व्यक्ती तो ब्रेल डिस्प्लेवर वाचू शकते, कॅप्शनचा तिला काही उपयोग नाही.

आडवा_प्रश्न

बर्कलीचा पुढचा भाग मला माहीत नव्हता. तेवढं मागे घेतो. वेळेचा प्रश्न मात्र उरतोच, एकटा माणूस सगळं करू शकत नाही. आणि एक राहिलंच. परीक्षेत काहींना जादा वेळ देणं बाकीच्यांवर अन्याय नाही का?

अर्धविराम

याचं उत्तर मी देतो. मला डिस्लेक्सिया (वाचन अवघड करणारी अडचण) आहे आणि लक्ष टिकवण्याचीही अडचण आहे.

तुमची परीक्षा काय मोजते? सांख्यिकी की वाचनाचा वेग? चार ओळींचं शाब्दिक उदाहरण मला दोनदा-तीनदा वाचावं लागतं. गणित नंतर चटकन होतं. घड्याळ लावलंत की माझा वाचनवेग मोजला जातो आणि गुणपत्रिकेत तो सांख्यिकीच्या नावाने लिहिला जातो. वेग हीच शिकवायची गोष्ट असेल, समजा टंकलेखन, तर घड्याळ ठेवा. मध्यक काढायला घड्याळ कशाला?

मूडलमध्ये एकेका विद्यार्थ्याला वेळ वाढवून देता येते, ते ठीकच. पण त्यासाठी मला आधी अर्ज करायचा, कागद जोडायचे, कोणीतरी मंजूर करेपर्यंत थांबायचं. सरावाच्या प्रश्नमंजुषेवरचं घड्याळ सरळ काढून टाकलं तर कोणाचं काय बिघडतं? एक उत्तर चुकलं की पुन्हा देता यायला हवं, आणि मध्येच उठलो तर परत तिथेच यायला हवं.

डिस्लेक्सियासाठीचे खास फॉन्ट म्हणून जे मिळतात त्यांच्या मागे धावू नका, त्यांच्या बाजूने भक्कम पुरावा नाही. मला उपयोग होतो तो मोकळ्या ओळींचा (देवनागरीत वरखाली मात्रा-उकार असल्यामुळे जरा जास्तच मोकळ्या), डावीकडे जुळवलेल्या मजकुराचा आणि छोट्या परिच्छेदांचा. दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांत वेड्यावाकड्या फटी पडतात आणि ओळ हातची सुटते. लांब व्हिडिओ तोडा. आपोआप सुरू होणारा व्हिडिओ तर नकोच.

यंत्रणा

अर्धविराम यांना दुजोरा. आणि परीक्षेवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरं लावायचा विचार असेल तर सावध. त्यातली काही स्क्रीन रीडर चालूच देत नाहीत, काहींना नजर पडद्यावरून हलली की "संशयास्पद" वाटतं. दृष्टिहीन माणसाने नजर कुठे ठेवायची?

अवांतर: पान आपोआप तपासणारी साधनं वापरा, पण त्यांच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका. चित्राला ऑल्ट टेक्स्ट (स्क्रीन रीडरसाठी चित्रामागे लिहिलेलं वर्णन) आहे की नाही एवढं ती सांगतात. ते खरं आहे की "आयएमजी४७" आहे, हे त्यांना कळत नाही. आणि "एक ओळ कोड टाका, साइट सुगम करा" अशी जाहिरात करणाऱ्या विजेट्सना हात लावू नका. आतली मोडकी रचना ती दुरुस्त करत नाहीत, कधी कधी स्क्रीन रीडरच्या वाटेत येतात.

कळफलक

@आकडेमोड, तिला विचारलंत का, की नेमकं कुठे अडलं? आपण सगळे इथे बसून अंदाज बांधतोय.

आकडेमोड

विचारलं. ओढायचा प्रश्न तिने सोडून दिला होता, पण ती खरी अडली ती त्याच्या पुढे. उत्तर सादर केल्यावर पान नव्याने आलं, स्क्रीन रीडर पार वरून वाचायला लागला, आणि कुठलं उत्तर चुकलं हे फक्त लाल रंगाने दाखवलेलं. तिने तीनचारदा शोधलं आणि नाद सोडला. ती प्रश्नमंजुषा मूडलची नाही, दुसऱ्या एका साधनात बनवून आत बसवलेली आहे. दिसायला छान होती म्हणून.

यंत्रणा

मग ती मूडलच्या स्वतःच्या प्रश्नप्रकारांत नव्याने करा. रंग ठेवायला हरकत नाही, पण सोबत "चूक" आणि "बरोबर" ही अक्षरं हवीत. लाल आणि हिरव्यात फरक न कळणारे पुरुष तुमच्या वर्गात आत्ताही असतील. साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५ला १ असा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) ठेवा, मोठ्या अक्षरांना ३ला १ चालतो. मोजून देणारी मोफत साधनं आहेत.

आकडेमोड

आता माझी खरी अडचण, आलेख. बॉक्स प्लॉटला (आकड्यांचा पसारा चौकटीने दाखवणारा आलेख) ऑल्ट टेक्स्ट लिहून बघितलं: "दोन तुकड्यांच्या गुणांचा बॉक्स प्लॉट." पुरेसं आहे?

कानाने_वाचणारा

हे चित्राचं नाव झालं. चित्रात काय आहे ते कुठे आहे? आकडे द्या, मी लिहून दाखवतो.

आकडेमोड

तुकडी अ: किमान ३५, पहिलं चतुर्थक ४८, मध्यक ५५, तिसरं चतुर्थक ६२, कमाल ८०. तुकडी ब: २०, ४०, ५५, ७४, ९५.

कानाने_वाचणारा

चित्र कशासाठी टाकलंय त्यावर वर्णन ठरतं. धड्यात असेल तर मी असं लिहीन: "दोन्ही तुकड्यांचा मध्यक ५५च आहे. पण अ तुकडीतले मधले निम्मे विद्यार्थी ४८ ते ६२ गुणांत आहेत, ब तुकडीतले ४० ते ७४ गुणांत. या मधल्या निम्म्यांचा पसारा ब तुकडीत दुपटीहून जास्त." तुम्ही डोळस विद्यार्थ्याला चित्रातून जे दाखवू पाहता ते मला ऐकू आलं. पाचही आकडे खाली छोट्या तक्त्यात द्या, तो सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

हेच चित्र परीक्षेत असेल आणि प्रश्न "कोणत्या तुकडीचे गुण जास्त विखुरलेले आहेत?" असा असेल, तर वरचं वर्णन म्हणजे उत्तर फोडणं. तिथे फक्त पाच-पाच आकडे द्यायचे, निष्कर्ष काढायचं काम माझं.

आणि पानाच्या कोपऱ्यात शोभेला टाकलेल्या फळ्याच्या चित्राचं वर्णन करत बसू नका. त्याचं ऑल्ट टेक्स्ट रिकामं ठेवा, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो.

आडवा_प्रश्न

पण मग तुम्हाला आकडे आयते मिळाले, बाकीच्यांना अक्षावरून वाचावे लागले. प्रश्न सोपा नाही झाला?

कानाने_वाचणारा

रास्त शंका. अक्षावरून आकडा वाचणं हेच तपासायचं असेल तर मला वेगळा प्रश्न द्यावा लागेल किंवा उठावाची आकृती. पसाऱ्याची समज तपासायची असेल तर आकडे आयते मिळून माझा काही फायदा होत नाही, वजाबाकी आणि तुलना मलाच करायची आहे. उलट दहा आकडे कानाने ऐकून डोक्यात धरून ठेवा बघू.

आकडेमोड

आणि स्कॅटर प्लॉट? दोनशे बिंदू आहेत. त्यांचा तक्ता कोण ऐकणार?

कानाने_वाचणारा

कोणीच नाही. तिथे दिशा, आकार आणि घट्टपणा सांगा: "अभ्यासाचे तास वाढतात तसे गुण वाढतात, बिंदू साधारण सरळ पट्ट्यात आहेत, वरच्या टोकाला पट्टा रुंदावतो, एक बिंदू एकटाच खाली उजवीकडे." सोबत डेटा फाइल जोडा, ज्याला खोलात जायचं तो स्वतः आकडेमोड करेल. रेषेचा आलेख असेल तर डेस्मॉस या आलेख काढायच्या साधनात तो ऐकता येतो, रेष चढली की स्वरही चढतो. परवलय पहिल्यांदा मी असंच ऐकलं, मजा आली होती.

आकडेमोड

तर मग आधी प्रश्नमंजुषा मूडलमध्ये आणते, सरावाची घड्याळं काढते. मग नोट्स युनिकोडमध्ये, हेडिंगांसह आणि पीडीएफऐवजी थेट वेबपानावर. आलेखांची वर्णनं त्यासोबतच. कॅप्शन शेवटी, कारण त्याला सगळ्यात वेळ लागणार.

हातवारे

शेवटी का? कॅप्शन नसतील तर माझ्यासाठी कोर्स सुरूच होत नाही, मी प्रश्नमंजुषेपर्यंत पोचणार कशी? निदान पहिल्या दोन आठवड्यांची आधी करा. आणि नवे व्हिडिओ आधी लिहून मग वाचून रेकॉर्ड करा. लिहिलेलंच कॅप्शन होतं, मजकुराचं पानही त्यातूनच निघतं, नंतर फक्त वेळा जुळवायच्या.

अर्धविराम

+१. आणि लिहून काढलं की पाल्हाळ आपोआप कमी होतं, हे लक्ष उडणाऱ्या माणसाकडून.

आकडेमोड

बरं, पहिले दोन आठवडे कॅप्शनसह आधी. बाकीच्या व्हिडिओंवर कोणती कधी येणार त्याच्या तारखा लिहून ठेवते, म्हणजे कोर्स घेणाऱ्याला आधीच कळेल. लिहून वाचायची सवय मला नाही, कृत्रिम वाटेल अशी भीती आहे.

हातवारे

तारखा लिहाल तर उत्तमच. आणि कृत्रिम वाटलं तर ऐकणाऱ्यांना वाटेल, मला काय फरक पडतो?

कानाने_वाचणारा

मला पडतो, मी ऐकणाऱ्यांतला आहे. मुद्दे लिहा, मोकळं बोला आणि नंतर मजकूर दुरुस्त करा. हिस्टोग्रामची वर्णनं लिहून झाली की इथेच टाका, वाचून सांगतो.